गळ कधी गुंडाळायचा?

(जळगावात एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या विषयावर बोलायला उभं राहिलं की दोन बाजूंनी हरकत येते. माळकरी म्हणतात, मासा मारणं हेच पाप, त्यात कमी-जास्त काय मोजायचं? गळवाले म्हणतात, तापी एवढी मोठी, आमच्या एका गळाने तिचं काय बिघडणार? दोघांचंही मी ऐकून घेतो. पण मी स्वतः गळ टाकतो आणि मासे खातो, त्यामुळे मला हा विषय टाळता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की किती मासे पुरे, हे दोरा पाण्यात पडायच्या आधी ठरलेलं असावं. आणि गळाला लागलेला प्रत्येक मासा त्या हिशोबात धरावा, घरी आणलेला असो की पाण्यात परत सोडलेला.

आधी हे मासे कोणाचे, ते पाहू. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणांमध्ये बाहेरून बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, आणून सोडावी लागते. आपल्याकडे जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना मिळतो, आणि बीज विकत आणून सोडण्याचा खर्च त्या संस्थांच्या अंगावर असतो. उकाई धरणाच्या फुगवट्यात नवापूर तालुक्यातल्या ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापैकी कितीतरी आदिवासी कुटुंबं आज त्याच पाण्यावर मासेमारी करून जगतात. रविवारी मोटारसायकलला रॉड बांधून आलेल्या माणसासाठी तो मासा विरंगुळा असतो. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन पाण्यात उतरलेल्या भोई, कोळी, भिल्ल माणसासाठी तो त्या दिवसाचा किराणा असतो. तेव्हा धरणावर गेल्यावर पहिलं काम आमिष मळायचं नाही. संस्थेच्या माणसाला भेटायचं, परवानगी घ्यायची, पैसे मागितले तर द्यायचे आणि पावती घ्यायची. हे मी फार निक्षून सांगतो, कारण हौशी लोकांना हीच गोष्ट सर्वांत कमीपणाची वाटते.

आता वाया जाणाऱ्या माशांकडे येऊ. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी धरणाच्या काठाने चालत जा. बाभळीखाली बोटभर लांबीच्या माशांचा ढीग दिसेल, डोळे पांढरे पडलेले, वर मुंग्या लागलेल्या. लहान म्हणून कुणी घरी नेले नाहीत, आणि काठावर पडून मरेपर्यंत कुणाला ते पाण्यात टाकायचं सुचलं नाही. शेजारी दोऱ्याचा गुंता टाकलेला असतो. हतनूरच्या जलाशयावर आपण पक्षी बघायला जातो ना? तिथे अशा दोऱ्यात पाय अडकलेला पाणकावळा मी पाहिलेला आहे. नायलॉनचा दोरा नडगीवर इतका रुतला होता की त्याच्याखालचं कातडं सोलून निघालं होतं. दोरा कापला तेव्हा तो उडाला, पण तो पाय त्याने पोटाशी घेतलाच नाही, तसाच लोंबत होता. तो दोरा टाकणारा माणूस वाईट असेल असं मला वाटत नाही. घरी जायच्या घाईत त्याने तो तिथेच टाकला असणार.

जिलेटिनच्या कांड्या आणि विषारी औषधं यांबद्दल फार बोलत नाही. स्फोट करून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. स्फोटाने मेलेले सगळे मासे वर तरंगत नाहीत, बरेच तळाला जाऊन सडतात. त्याला मासेमारी म्हणायला मी तयार नाही.

खरा वाद सुशिक्षित हौशी लोकांशी आहे, कारण त्यांच्याकडे एक भारदस्त उत्तर असतं: आम्ही पकडतो आणि सोडून देतो. फोटो काढला, मासा पाण्यात, पाप संपलं! २००५ साली बार्थोलोम्यू आणि बोन्सॅक या दोन अमेरिकी संशोधकांनी यावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सोडलेल्या माशांपैकी नंतर मरणाऱ्यांचं प्रमाण सरासरी १८ टक्के निघालं. कुठे ते जवळपास शून्य होतं, तर कुठे फारच जास्त. गळ ओठात लागला की घशात उतरला, पाणी किती गरम होतं, मासा किती वेळ बाहेर राहिला, यांवर ते अवलंबून असतं. सरासरीच धरली तर दिवसभरात पंचवीस मासे पकडून पंचवीसही सोडणाऱ्याने चार-पाच मासे मारलेले असतात, फक्त ते त्याला दिसलेले नसतात. दोन मासे घरी नेऊन खाणारा त्याच्यापेक्षा कमी मारतो. आणि तिकडे सोडणाऱ्याचं कौतुक होतं, खाणाऱ्याला नावं ठेवतात!

त्यातही ही सरासरी आपल्या उन्हाळ्याची नाही. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ ला भिडतो, गिरणेत आणि पांझरेत डोह तेवढे उरतात. अशा डोहात दमेपर्यंत खेळवलेला, वर फोटोसाठी तापल्या खडकावर ठेवलेला मासा सोडल्यावर पोहत गेला, म्हणजे वाचला असं समजू नका. थंड देशांतल्या व्हिडिओत बघून शिकलेली रीत इथे मे महिन्यात चालत नाही. माझं मत विचाराल तर एप्रिल-मेच्या दुपारी सोडण्यासाठी मासा पकडूच नये. सकाळी लवकर, खायला लागेल तेवढाच पकडावा. आटत चाललेल्या डबक्यात अडकलेले मासे मात्र जरूर काढा. ते तसेही तडफडून मरणार असतात. जिवंत असतील तर मोठ्या पाण्यात सोडा, नाहीतर गावात वाटून टाका.

माशाला दुखतं का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. २००३ साली एडिंबर्गजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. ते मासे अंग डोलवत राहिले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, आणि साधारण तीन तास खाण्याकडे फिरकले नाहीत. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले मासे त्याच्या निम्म्याहून कमी वेळात खायला लागले. याला आपल्यासारखी वेदना म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला तेवढा पुरावा पुरतो. म्हणून ठेवायचा तो मासा पिशवीत तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर एक नेमका फटका द्या. आणि सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून त्याला रोग धरतो. गळ घशात उतरला असेल तर ओढू नका, दोरा तोंडाजवळ कापा.

स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून नुसतं सोडून देण्याच्या इराद्याने मासे पकडायला मनाई आहे. खायला पकडा, नाहीतर त्याला त्रास देऊ नका, असा त्यामागचा विचार. मला तो पूर्ण पटत नाही, कारण लहान मासा किंवा अंड्यांवरची मादी चुकून लागली तर ती सोडलीच पाहिजे. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला आहे.

मघाशी एका तरुणाने मरळीबद्दल विचारलं. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण गळवाल्यांचा तो सर्वांत आवडता मासा. मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. शेवाळाजवळ, उथळ पाण्यात नीट पाहिलं तर तांबूस पिल्लांचा एक घोळका वर येताना दिसतो. सगळी एकदम पृष्ठभागावर येतात, हवा घेतात, पाण्यावर बारीक बुडबुडे उठतात आणि घोळका परत खाली जातो. आई-बाप त्याच्या खालीच असतात. हे माहीत असलेला गळवाला रबरी बेडूक त्या घोळक्यावरून ओढत नेतो. एरवी आमिषाकडे ढुंकून न बघणारी मरळ तेव्हा उसळून येते. भुकेने नव्हे, पिल्लांवर काही चालून आलं म्हणून ती धडकते. ती वर काढली की घोळका उघडा पडतो, आणि बाकीचे मासे, बगळे, पाणसाप त्याचा फडशा पाडतात. एका मरळीच्या फोटोसाठी शेकडो पिल्लं जातात. असा मासा पकडण्यात कसब आहे असं मला कुणी सांगू नये. घोळका दिसला की त्या जागेवरून गळ काढून दुसरीकडे जावं. यात सोडून देण्याचाही उपयोग नाही, कारण ती परत येईपर्यंत पिल्लांचा निकाल लागलेला असतो.

आता आखाड. आपल्याकडे श्रावणात मांस-मासे बंद, म्हणून त्याआधी आखाडात धरणांवर पार्ट्यांची झुंबड उडते. नेमक्या त्याच दिवसांत पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालायला वर चढतात. रोहूच्या एका किलोच्या मादीत लाखांनी अंडी असतात. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की खालच्या फेसाळ पाण्यात मासे गोळा होतात आणि वर माणसं. काही जण आमिषसुद्धा लावत नाहीत. तीन काट्यांचा गळ झटक्याने ओढतात आणि मासा पोटात, पाठीत, जिथे सापडेल तिथे टोचून काढतात. निसटलेला प्रत्येक मासा जखमी होऊन जातो. तापीकाठच्या एका म्हाताऱ्या भोईबाबांना मी जाळ्यातली मादी उचलून परत टाकताना पाहिलं आहे. नातवाला म्हणाले, "पोटवाली शे, सोडी दे." त्या माणसाचं पोट मासळीवर चालतं. आपलं नोकरीवर, दुकानावर चालतं.

समुद्रात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. इंग्लंडात नद्यांवर ट्राउट-सामन सोडून बाकीच्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून गळ टाकत नाहीत. आपल्या धरणांवर हौशी माणसाने असा नियम स्वतःला लावून घ्यायला सरकारी आदेशाची वाट का बघायची? आखाडातली पार्टी करायचीच असेल तर बाजारातून कोंबडी आणा.

एका गोष्टीत मात्र सोडून देणंच चूक आहे. चिलापी (तिलापिया), आणि २००० साली केंद्राने ज्याच्या पालनावर बंदी घातली तो थाई मांगूर, हे बाहेरचे मासे गळाला लागले तर पाण्यात परत टाकू नका. तिथल्या तिथे मारा. चिलापी खायला उत्तम, काठावर फेकू नका. दया येऊन घरच्या टाकीतला सकर मासा नदीत सोडणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

तर आकडा किती? माझ्या घरी चार माणसं जेवतात, म्हणून माझा आकडा दोन मध्यम मासे. दोन मिळाले की गळ गुंडाळतो, मग सूर्य कुठेही असो. सोडलेला मासाही त्यात मोजतो. तुमच्या घरी आठ माणसं असतील तर आकडा वेगळा असेल, पण तो घरून निघताना ठरवा. फ्रीजमध्ये पंधरा दिवस पडून शेवटी उकिरड्यावर जाणारा मासा ताटात धरू नका.

आता कामाचं बोलतो. येत्या ज्येष्ठात आम्ही काही जण हतनूर आणि गिरणा धरणांवरच्या मच्छीमार संस्थांना भेटायला जाणार आहोत. हौशी माणसाला द्यायच्या पावतीवरच दिवसाचा आकडा, सर्वांत लहान मासा किती बोटांचा असावा ते, आणि आखाडातली बंदी छापावी, असं त्यांना सुचवणार आहोत. छपाईचा खर्च आपण उचलू. आकडा मात्र संस्थेने ठरवायचा, कारण बीज त्यांनी सोडलं आहे. ज्यांना बरोबर यायचं आहे त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव आणि गाव लिहून जावं, आणि घरात दोऱ्याची जुनी गुंतवळ पडली असेल तर तीही घेऊन यावं, काठावर जाऊ नये म्हणून एकत्र गोळा करतो आहोत.