डोक्यावर चीज, डोक्यावर गूळ

नमस्कार श्रोतेहो.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना लागला की गॅलरीत काय चालतं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. त्यातले निम्मे टोमणे तर मला या माईकवर उच्चारताही यायचे नाहीत! आज अशाच एका टोमण्याची गोष्ट सांगतो, पण ती अमेरिकेतली.

विस्कॉन्सिन हे तिकडचं दूधदुभत्याचं राज्य. गाड्यांच्या नंबरप्लेटवरही तसं छापलेलं असतं. शेजारच्या शिकागोकडची मंडळी त्यांना 'चीजहेड' म्हणून हिणवायची. १९८७ मध्ये मिलवॉकीच्या राल्फ ब्रुनो नावाच्या तरुणानं आईच्या सोफ्यातला फोम तिकोनी कापला, त्याला भोकं पाडली, पिवळा रंग फासला आणि ही चीजची फोड डोक्यावर चढवून तो थेट बेसबॉलच्या सामन्याला गेला. समोर शिकागोचाच संघ! हिणवायचंय ना, घ्या, हे बघा चीज. लोकांना ते इतकं आवडलं, की गड्यानं पुढं कारखानाच काढला. ग्रीन बे पॅकर्स या तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्यांची तर ती ओळखच झाली, आणि २०२३ मध्ये पॅकर्सनं ती कंपनीच विकत घेतली. कॅनडात सस्कॅचेवान प्रांताच्या फुटबॉल संघाचे चाहते याच्याही पुढचे. ते खरं कलिंगड पोखरून शिरस्त्राणासारखं घालतात. रस मानेवरून ओघळला तरी बेहत्तर.

आता आपल्याकडं असं काही करायचं म्हटलं तर कुणीतरी लगेच मिसळीच्या ताटाची टोपी सुचवेल. ती डोक्यावर ठरणार कशी? आणि 'व्हेज कोल्हापुरी'ची केली, तर तो पदार्थ नक्की कुठला, हेच आधी शोधावं लागेल. माझं मत गुळाच्या ढेपेला. गुऱ्हाळावर बघा, काईल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरली की गूळ वाफ्यात ओततात, निवत आला की कापड घातलेल्या बादल्यांत भरतात. घट्ट झाल्यावर बादली पालथी केली की ढेप बाहेर पडते, अंगावर कापडाची वीण उमटलेली. तो आकारच टोपीचा आहे हो!

मात्र ही टोपी पर्यटनाच्या कुठल्या बैठकीत ठरवून वाटली, तर कुणी घालायचं नाही. आपल्याकडं पाहुण्याच्या डोक्याला फेटा बांधतात, तो मानाचा. त्याची थट्टा आपल्याला खपत नाही, आणि खपूही नये. ढेप मात्र गॅलरीतल्याच एखाद्या अवली पोरानं, समोरच्यानं डिवचल्यावर, स्वतः फोम कापून घालायला हवी.

अडचण एकच दिसते. पहिली ढेप कुठल्या पेठेत निघाली, यावरून पुढची पन्नास वर्षं भांडण चालणार, आणि दुसरी पेठ काकवीच्या घागरीची टोपी घालून येणार.