टोमॅटोचं रोप घेताना आधी मुळं बघा

(दृश्य: सकाळ. शेडनेटमधली रोपवाटिका. बाकावर मांडलेले काळे ट्रे, कोकोपीट भरणारे हात.)

जानेवारी महिना. जुन्नर तालुका, नारायणगावचा परिसर. उन्हाळी टोमॅटोची लागवड अजून लांब आहे, पण रोपवाटिकेत लगबग आत्ताच सुरू झालीय. एका ट्रेला ९८ किंवा १०४ कप्पे. त्यात माती नाही, भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. प्रत्येक कप्प्यात बोटाने जेमतेम अर्धा सेंटीमीटर खळगा, आणि त्यात एकच बी. संकरित बियाणं महाग. दोन-दोन बिया टाकायची चैन इथे कुणाला परवडत नाही.

(दृश्य: एकावर एक रचलेले ट्रे, वरून प्लास्टिकचा कागद.)

या दिवसांत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. तेवढ्या गारठ्यात टोमॅटोचं बी नुसतं पडून राहतं. म्हणून ट्रे रचून गुंडाळायचे. ऊब आणि ओल दोन्ही आत कोंडतात. रोज एक कोपरा उचलून बघायचं आणि पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी ट्रे मोकळे करायचे. उद्यावर ढकललं, तर अंधारात कोंब दोऱ्यासारखे लांबतात.

खत इतक्यात नको. बीजदलांमध्ये, म्हणजे बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांमध्ये, शिदोरी असते. खरी पानं फुटली की पातळ करून द्यावं. पाणी सकाळीच. संध्याकाळी दिलं की रात्रभर ओल साचते आणि रोपं बुडाशी नरम पडून आडवी होतात. भोवतीची बारीक जाळी पांढऱ्या माशीला अडवण्यासाठी. पानं मुरडणारा विषाणू तीच घेऊन येते, आणि एवढ्या कोवळ्या वयात लागण झालेल्या झाडाकडून फळांची आशा धरू नये.

(दृश्य: शेतकरी ट्रेमधून एक रोप अलगद काढतो.)

साधारण २५ ते ३० दिवसांनी गिऱ्हाईक येतं. उंच, हिरवंगार रोप डोळ्यांत भरतं खरं. जाणता शेतकरी मात्र एक रोप काढून उलटं धरतो. कोकोपीट न सांडता अख्खं बाहेर आलं, भोवती पांढऱ्या मुळांचं जाळं दिसलं, की सौदा ठरला. मुळं तपकिरी पडून गोल गोल फिरलेली असतील, तर रोप ट्रेमध्ये फार दिवस अडकलंय.

(दृश्य: शहरातली गच्ची.)

काही रोपं गच्चीवरच्या बागेत पोचतात. ती थेट मोठ्या कुंडीत लावू नयेत; एवढीशी मुळं तेवढं पाणी ओढत नाहीत आणि माती ओलीच राहते. आधी छोटी पिशवी. टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात, तेव्हा खालची पानं खुडून खोड बीजदलांच्या वरपर्यंत मातीत दाबायचं. शेतकऱ्याने नाकारलेलं लांबट रोपसुद्धा इथे तरून जातं.

दोन दिवस सावली, मग सकाळचं कोवळं ऊन. मुळं पिशवीच्या भोकांतून डोकावू लागली, की १५ ते २० लिटरची कुंडी. काठी त्याच दिवशी रोवा. मागाहून रोवलीत, तर नेमकी वाढलेली मुळं तुटतील.