डब्बा मॉनिटर की सपाट मॉनिटर?

मित्रहो,

विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. दुकानात आज डब्बा मॉनिटर मिळतच नाही, मग निवड कसली करायची? मलाही तसेच वाटत होते. पण मागे एकाच आठवड्यात दोन जण माझ्याकडे आले. एक गृहस्थ छापखान्याचे मालक. त्यांच्या माळ्यावर १७ इंची ३ सीआरटी, म्हणजे डब्बा, मॉनिटर कापडात गुंडाळून ठेवलेले आहेत आणि ते भंगारात द्यावेत की राहू द्यावेत, असे त्यांना विचारायचे होते. दुसरा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या काळातले खेळ खेळण्यासाठी त्याला मुद्दाम सीआरटीच हवा होता आणि तो कुठेही मिळत नव्हता. दोघांना उत्तर देताना माझ्या लक्षात आले की अक्षरजुळणीच्या धंद्यात इतकी वर्षे काढूनही आपण या दोन पडद्यांतला फरक ‘जुना’ आणि ‘नवा’ एवढ्या दोन शब्दांत संपवून टाकलेला आहे. खरा फरक वयाचा नसून काम करण्याच्या रीतीचा आहे.

सीआरटी म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्या मानेत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, सुमारे २५ हजार व्होल्टच्या ओढीने ते पुढच्या काचेकडे झेपावतात, आणि वाटेतल्या तारांच्या वेटोळ्यांमुळे तो झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा ओळीओळीने फिरत राहतो. काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर झोत जिथे आदळतो तिथे प्रकाश पडतो आणि जेमतेम मिलिसेकंदभरात विझतो. म्हणजे आपल्याला अख्खा दिसणारा पडदा कोणत्याही एका क्षणी बहुतांशी काळाच असतो. चित्र जोडण्याचे काम आपले डोळे करतात. सपाट मॉनिटरचे, म्हणजे एलसीडीचे, याच्या नेमके उलट आहे. त्याच्या पाठीमागचा दिवा सतत जळत असतो आणि पुढे द्रवस्फटिकांच्या लाखो बारीक झडपा असतात. प्रत्येक झडप किती उघडायची याचा हुकूम तिला मिळाला की पुढचा हुकूम येईपर्यंत ती तशीच राहते. सीआरटी चित्र पुनःपुन्हा रंगवत राहतो, एलसीडी चित्र धरून ठेवतो. पुढे मी जे काही सांगणार आहे, ते बहुतेक या एका फरकातून निघते.

पहिला परिणाम डोळ्यांवरचा. विंडोज नव्याने बसवल्यावर मॉनिटर अनेकदा ६० हर्ट्झवरच राहून जाई, म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जाई. बऱ्याच जणांना ६० हर्ट्झला लुकलुक जाणवते, आणि ज्यांना ती दिसत नाही त्यांचेही डोके संध्याकाळपर्यंत जड होऊ शकते. आमच्या खोलीत ५ ऑपरेटर बसत आणि त्यांतल्या दोघी रोज दुपारनंतर डोके दुखते म्हणत. आम्ही चष्मे तपासून घेतले, ट्यूबलाइट बदलल्या, पडद्यांना निळसर काचा लावल्या, आणि सेटिंगमध्ये जाऊन ६०चे ८५ करायला मात्र आम्हाला दीड वर्ष लागले. हे करताना आणखी एक अडचण कळली. साधा १७ इंची मॉनिटर १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांना ८५ हर्ट्झ देत असे, पण पानाचा जास्त भाग दिसावा म्हणून १२८० गुणिले १०२४ केले की त्याची ताकद संपे आणि तो ६०वर उतरे. जास्त ओळी हव्या असतील तर लुकलुक सोसायची, असा तो व्यवहार होता. एलसीडी ६० हर्ट्झवरही अशी लुकलुक करत नाही, कारण दोन हुकुमांच्या मध्ये तो विझतच नाही. दिवसभर स्थिर मजकूर पाहणाऱ्या माणसाने सीआरटी सोडावा, याला एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

मात्र अक्षरांच्या बाबतीत एलसीडीने आपल्याला सुरुवातीला चांगलेच फसवले, आणि देवनागरीला तर जास्तच. एलसीडीची घरे, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका दाखवणाऱ्या जागा, कारखान्यात मोजून बसवलेली असतात. १५ इंची पडद्यावर १०२४ गुणिले ७६८, तर १७ आणि १९ इंचीवर बहुधा १२८० गुणिले १०२४. तेवढ्याच मापाचे चित्र पाठवले तर अक्षर कोरल्यासारखे दिसते. पण अक्षरे बारीक दिसतात म्हणून कोणी १०२४च्या पडद्यावर ८०० गुणिले ६०० ठेवले, तर चित्रातला प्रत्येक ठिपका १.२८ घरांत बसवावा लागतो. घराचे तुकडे होत नाहीत, म्हणून ठिपका शेजारच्या घरात सांडतो. एका ठिपक्याची शिरोरेखा मग कुठे एका ओळीत राहते, कुठे दोन ओळींत पसरते, आणि तिच्या डोक्यावरचा अनुस्वार तिच्यातच विरघळून जातो. एका लग्नपत्रिकेत आमच्याकडून ‘त्यांची’चे ‘त्याची’ झाले. मुद्रिततपासनीस अनुभवी होते, पण घाईत त्यांनी कागदावर प्रत न काढता पडद्यावरच वाचले होते आणि तो पडदा ८००वर ठेवलेला होता. मुलीच्या आजोबांनी त्या एका टिंबावरून जे ऐकवले ते इथे सांगण्यासारखे नाही. पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागल्या. सीआरटीलाही आत रंगांचे ठिपके वेगळे राखणारी जाळी असतेच, पण झोताला ठरलेली घरे नसल्यामुळे ८०० ठेवा की १०२४, अक्षर सारखेच मऊ दिसते. ते धारदार नसते, पण टिंब गिळून टाकत नाही.

पुढे मायक्रोसॉफ्टने क्लिअरटाइप आणले आणि विंडोज एक्सपीपासून ते घरोघरी पोचले. एलसीडीच्या प्रत्येक घरात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उभे कप्पे असतात. ते वेगवेगळे वापरून अक्षराची कड अधिक बारकाईने काढायची, ही त्यामागची कल्पना. पण कप्पे उभे असल्यामुळे फायदा फक्त आडव्या दिशेने मिळतो. रोमन लिपीतल्या उभ्या दांड्यांना तो भरपूर मिळाला. आपल्या कान्याला आणि वेलांटीच्या दांडीलाही मिळाला. शिरोरेखा, अनुस्वार, रफार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे यांचा कस मात्र उभ्या दिशेने लागतो, आणि तिथे क्लिअरटाइपचा हात तोकडा पडला. बारीक मराठी मजकूर पडद्यावर खऱ्या अर्थाने सुखाने वाचता येऊ लागला तो घरांची संख्याच कितीतरी वाढली तेव्हा. म्हणून आजही कोणी जुना एलसीडी स्वस्तात घेतला, तर माझे पहिले सांगणे असते की मॉनिटर त्याच्या मूळ मापावरच ठेवा आणि अक्षर मोठे हवे असेल तर प्रोग्रामातून मोठे करा. व्हीजीए या जुन्या जोडणीच्या तारेने जोडला असेल तर पुढचे ‘ऑटो’ बटण एकदा दाबा, कारण त्या तारेतून येणारा संदेश घरांशी जुळवून घ्यावा लागतो. तो जुळला नाही तर चांगला पडदाही थरथरत्या अक्षरांचा दिसतो.

रंगांच्या बाबतीत सीआरटीने बराच काळ हार मानली नाही. सुरुवातीच्या स्वस्त एलसीडींत टीएन जातीचे पॅनेल असे. त्यातल्या पुष्कळांत प्रत्येक मूळ रंगाच्या ६४च पायऱ्या होत्या, म्हणजे एकूण २ लाख ६२ हजार १४४ रंग. बाकीच्या छटा दोन रंग झपाट्याने आलटून पालटून दाखवून भासवल्या जात. त्याहून वाईट म्हणजे मान वरखाली केली की रंग बदले. खुर्चीत बसलेल्या ऑपरेटरला एक केशरी दिसे आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या ग्राहकाला दुसरा, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असत. चांगल्या रंगकामाच्या खोल्यांत म्हणूनच सोनीचे ट्रिनिट्रॉन नळीचे मॉनिटर उशिरापर्यंत टिकून राहिले. १९६८ साली आलेल्या या नळीत ठिपक्यांच्या जाळीऐवजी उभ्या बारीक पट्ट्या असत आणि त्या थरथरू नयेत म्हणून आडवी तार ताणलेली असे. पांढऱ्या पानावर त्या तारेची पुसट सावली दिसते, आणि नवा मॉनिटर घेणारा हमखास ‘काचेला चरा आहे’ अशी तक्रार घेऊन येई.

गंमत अशी की आजचे सपाट पडदेही सीआरटीचीच भाषा बोलतात. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे रंगांचे मानक मांडले, ते त्या काळच्या सीआरटीचा स्वभाव समोर ठेवूनच. नळीला दुप्पट संदेश दिला म्हणून प्रकाश दुप्पट होत नाही, तो वेगळ्या वळणाने वाढतो. द्रवस्फटिकांचे वळण मुळात निराळे असूनही ते नळीसारखे भासावे म्हणून पॅनेलमध्ये मुद्दाम तशी तजवीज केलेली असते. असे असले तरी रंगासाठी आज सीआरटी ठेवावा असे मी म्हणणार नाही. नळी तापून स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, वर्षागणिक ती मंद होत जाते, आणि आयपीएस पॅनेल, ज्यात मान हलवली तरी रंग फारसा बदलत नाही आणि जे पूर्वी आपल्याला परवडत नव्हते, ते आता साध्या मॉनिटरमध्येही मिळते.

विद्यार्थ्याचा आग्रह मात्र निराधार नव्हता, कारण हलत्या चित्राचा हिशेब वेगळा आहे. एखादी वस्तू पडद्यावरून सेकंदाला १००० ठिपक्यांच्या वेगाने सरकते आहे आणि आपली नजर तिच्याबरोबर फिरते आहे असे समजा. ६० हर्ट्झचा एलसीडी प्रत्येक चित्र सेकंदाचा साठावा भाग धरून ठेवतो. तेवढ्या वेळात नजर सुमारे १७ ठिपके पुढे गेलेली असते, म्हणून वस्तूची कड तेवढी फराटते. सीआरटीवर ती क्षणभर चमकून विझते, म्हणून कड शाबूत राहते. जाहिरातीत ‘१ मिलिसेकंद’ लिहिलेले असते ते झडप किती चटकन हलते याचे माप आहे, ती किती वेळ तशीच राहते याचे नाही. २४० हर्ट्झच्या पडद्यावर फराटा ४ ठिपक्यांवर येतो. ओलेड पडद्यावर, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, काळा रंग खरोखर काळा मिळतो, पण चित्र धरून ठेवण्याची सवय त्यालाही आहे. नजरेच्या अभ्यासाच्या प्रयोगशाळांनी सीआरटी लवकर सोडले नाहीत, त्याच्या मुळाशी हाच काटेकोरपणा होता.

त्या मुलाला मी एक सावधगिरीची सूचना दिली. त्याला टीव्हीला जोडायचा बदके मारण्याचा गेमही याच मॉनिटरवर खेळायचा होता. टीव्हीची नळी सेकंदाला सुमारे साडेपंधरा हजार ओळी काढते, तर संगणकाचा व्हीजीए मॉनिटर ३१ हजारांच्या खाली सहसा उतरत नाही. डॉसचे खेळ त्यावर झकास चालतील, बदकांसाठी मात्र टीव्हीच शोधावा लागेल.

जागा, वजन आणि वीज यांबद्दल फार बोलण्याची गरज नाही. १७ इंची डब्ब्याला ७० ते १०० वॅट लागत, सपाटाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. भारनियमनाच्या वर्षांत हा फरक बिलापेक्षा यूपीएसवर जास्त कळला, कारण वीज गेल्यावर फाइल जतन करायला मिळणारी मिनिटे लक्षात येण्याइतकी वाढली. एवढे सगळे दिसत असताना, २००५ साली औरंगाबादशी नाते असलेल्या व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा, म्हणजे याच नळ्यांचा, धंदा विकत घेतला होता. तेव्हा आपल्यालाही ते धाडस कौतुकाचे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

छापखान्याच्या मालकांना मी सांगितले ते असे. तिन्ही मॉनिटर लावून पाहा, अर्धा तास तापू द्या, कोपऱ्यांतली अक्षरे मधल्याइतकी स्पष्ट आहेत का ते बघा. रंगाचे डाग दिसले तर घाबरू नका. डिगॉस केल्यावर, म्हणजे नळीत साचलेले चुंबकत्व काढल्यावर, ठण्ण असा आवाज होऊन ते बहुधा जातात. जो धड असेल तो त्या मुलाला द्या. उरलेले फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका, कारण तो तांब्यासाठी मान मोडतो आणि शिसे असलेली काच कुठेतरी नाल्यात जाते; ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच पाठवा. जुन्या एलसीडीलाही तोच नियम लावा, त्याच्या पाठच्या नळीदिव्यांत पारा असतो. आणि डब्बा उघडून आत हात घालायचा मोह कोणीही करू नये, कारण वायर काढून ठेवली तरी त्यात जोराचा झटका बसेल इतका भार उरलेला असू शकतो.

पुढच्या रविवारी तो मुलगा मित्राला घेऊन मॉनिटर न्यायला आला. उचलताना दोघांनी पाठीकडचा निमुळता भाग छातीशी धरला होता आणि डब्बा पुढे कलंडू लागला. सगळे वजन पुढच्या काचेत असते, म्हणून काच छातीकडे करून धरा, एवढे सांगितल्यावर दोघे जिना नीट उतरले.