कॅलेंडरच्या चौकटीतली नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचे आहे ते शाळेचा उंबरठा नुकताच ओलांडलेल्या मुलामुलींशी. निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि आता घराघरांत प्रवेशाच्या याद्या, कट-ऑफ आणि ‘पुढे काय?’ या प्रश्नाने ठाण मांडले आहे. या धांदलीत एक समजूत तुमच्या मनात कोणीतरी रुजवलेली असते. चांगले कॉलेज मिळाले की आनंद होईल, मग नोकरी लागली की होईल, मग स्वतःचे घर झाले की होईल. मुंबईत घर होईपर्यंत आनंद लांबणीवर टाकायचा ठरवले, तर माणसाचे अर्धे आयुष्य वाट पाहण्यातच जाईल. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की आनंद ही रोजची सवय करा. रोज, ठरलेल्या वेळी, दिवसभरातली एक बरी गोष्ट आठवून लिहून ठेवा. रोज एक, ठरलेल्या वेळी आणि लिहून.

ही सवय मला ज्यांनी लावली, त्यांच्याविषयी आज सविस्तर सांगावेसे वाटते.

साल 1982. आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. त्या वर्षी 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. माझे वडील त्यांतलेच, आणि आमच्या शेजारच्या खोलीतले भाऊही त्यांतलेच. भाऊ साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, साचे म्हणजे माग चालवायचे. ज्या भोंग्यावर अवघी चाळ उठायची, जेवायची आणि झोपायची, तो भोंगा बंद पडला होता. जून उजाडला तेव्हा घराघरांतले डबे तळाला लागले होते. चाळीतल्या बायकांनी कोणी पापड लाटायला घेतले होते, कोणी खानावळ सुरू केली होती, आणि कित्येक कुटुंबे गावाकडे निघून गेली होती.

त्याच जूनमध्ये माझा दहावीचा निकाल लागला. मला बावन्न टक्के गुण मिळाले. साठच्या वर जाऊन सायन्सला प्रवेश घ्यायचा, असे मी वर्षभर सर्वांना सांगत आलो होतो. आईने तरीही पाव किलो पेढे आणले, आणि चाळीतल्या सगळ्या खोल्यांना पुरावेत म्हणून एकेका पेढ्याचे सुरीने दोन तुकडे केले. ते अर्धे पेढे ताटलीत घेऊन ती गॅलरीतून दारोदार जात असताना मी आत भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. गुण कमी, त्यात पेढाही अर्धा. मला दोन्हींची सारखीच लाज वाटत होती. (निकालानंतर चौकाचौकांत फक्त नव्वदीच्या वरच्या मुलांची छायाचित्रे लावणारे फलक पाहिले की मला आजही वाईट वाटते. पस्तीस गुणांनी पास झालेल्या मुलाच्या आईनेही वर्षभर पहाटे उठून डबा केलेला असतो, आणि त्या फलकावर तिच्या मुलालाही जागा असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.)

दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर भाऊंनी मला गाठले. माझी बादली त्यांनी नळाखाली सरकवली आणि विचारले, “काल काय बरं झालं रे?” मी म्हणालो, “काही नाही, भाऊ.” ते म्हणाले, “बरं, उद्या सांग.” दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आणि माझे तेच उत्तर. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही तसेच झाले. उपदेशाचा एक शब्द त्यांनी उच्चारला नाही. फक्त प्रश्न विचारायचे चुकवले नाही. पाचव्या दिवशी, त्यांनी पुन्हा विचारू नये या त्राग्याने, मी म्हणालो, “काल रॉकेलच्या रांगेत एका म्हातारबाबांनी मला पुढे घेतलं.” भाऊंनी मान हलवली, बादली उचलली आणि ते निघून गेले.

त्यानंतर माझ्यात एक बदल होत गेला. नळावर भाऊ भेटणार, त्यांना काहीतरी सांगावे लागणार, म्हणून मी आदल्या दिवशीच लक्ष ठेवू लागलो. पावसाची पहिली सर गॅलरीच्या कठड्यावर आली तेव्हा मनात म्हटले, हे भाऊंना सांगू. लहान बहिणीला पाढे येऊ लागले तेव्हाही तसेच वाटले. गोष्टी तर आधीही घडत होत्या. त्या टिपायचे काम आता मला लागले होते.

महिना संपला तेव्हा भाऊंनी मला खोलीत बोलावले. दारामागे उंचावर कॅलेंडर होते, त्याचे पान उलटायचे होते, आणि त्यांचा खांदा दुखत होता. मी स्टुलावर चढलो. खिळ्याला दोऱ्याने बांधलेला पेन्सिलीचा बोटभर तुकडा लोंबत होता. तारखांच्या चौकटींत, जिथे सगळ्या घरांत दुधाचा हिशेब असतो, तिथे बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. मी मागची पाने चाळली. मार्चपर्यंत दुधाचे आकडे होते, मग ते थांबले, कारण त्यांच्याकडे दूध येणेच थांबले होते. पण चौकटी रिकाम्या राहिल्या नव्हत्या. ‘बोंबील स्वस्त.’ ‘गावचे पत्र.’ ‘खोकला कमी.’ काही तारखांना नुसती आडवी रेघ होती, कारण त्या दिवशी लिहिण्यासारखे काहीच सापडले नसावे; खोटे मात्र त्यांनी काही लिहिले नव्हते. आणि जूनमध्ये, माझ्या निकालाच्या तारखेला लिहिले होते, ‘पोरगा पास. पेढा अर्धा, पण गोड.’

मी तसाच स्टुलावर उभा राहिलो. खालून भाऊ म्हणाले, “खिळा सैल झालाय, जपून लाव.”

गणपतीच्या आधी ते कोकणात गेले आणि परत आले नाहीत. गिरणीत साचा पुन्हा चालवणे त्यांच्या नशिबी नव्हते. जाताना तो पेन्सिलीचा तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला, आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घरच्या कॅलेंडरवर मी लिहू लागलो.

श्रोतेहो, भाऊंनी जे केले त्याला पुढे अभ्यासकांनीही दुजोरा दिला. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्याविषयी कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी आठवड्याला लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांना, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान वाटू लागल्याचे दिसले. आणि सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले; कोणाला अवघे 18, तर कोणासाठी अंदाज थेट 254 दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात आढळले. म्हणून एक चौकट रिकामी राहिली, तर दुसऱ्या दिवशी पुढे लिहायला लागावे.

वेळ ठरवताना ती रोज हटकून घडणाऱ्या कामाला जोडा, म्हणजे आठवण ठेवण्याचे वेगळे ओझे राहत नाही. तुमच्यापैकी अनेकजण आता पहिल्यांदाच रोज लोकलने जाऊ लागतील. परतताना दादर गेले की लिहायचे, असे ठरवा. त्या दिवशी कोणी जरा सरकून तुम्हाला चौथी सीट दिली असेल, तर तीच लिहा. नोंद शक्यतो कागदावर करा. मोबाइल हातात घेतला की नोंद बाजूला राहते आणि अर्धा तास दुसऱ्यांचेच आनंद पाहण्यात जातो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. दुःख झाले असेल तर ते झाकण्यासाठी ही सवय नाही. भाऊंच्या आडव्या रेघा लक्षात ठेवा. रेघांमागून रेघाच येऊ लागल्या, झोप उडाली, जेवण जाईना, कोणाशी बोलावेसे वाटेना, तर घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगा. घरी बोलणे अवघड वाटले, तर सरकारच्या ‘टेली मानस’ या सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. पुन्हा सांगतो, 14416. आईवडिलांनीही हा क्रमांक टिपून घ्यावा, आणि आज रात्री जेवताना मुलाला टक्के किंवा याद्या विचारण्याऐवजी भाऊंचा प्रश्न विचारून पाहावा. पहिले चार दिवस उत्तर ‘काही नाही’ असेच येईल, तरी पाचव्या दिवशी विचारावे.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर या महिन्यात गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलेली असेल, कदाचित बाईंच्या खाड्यांच्या खुणाही असतील. आजच्या तारखेच्या चौकटीत अजून जागा आहे.

नमस्कार.