नागपूरहून गावी परतल्यावरचे दहा दिवस

(दृश्य: नागपूरहून निघालेली एसटी. खिडकीशी बसलेला, डोक्यावर सैल टोपी घातलेला तरुण. चेहरा दिसत नाही.)

डोक्यावर केस लावण्याचं काम, म्हणजे हेअर ट्रान्सप्लांट, नागपुरात एका दिवसात उरकतं. सकाळी खुर्चीत बसलेला माणूस संध्याकाळी उठतो, तेव्हा डोक्याच्या मागच्या भागातली मुळं एकेक करून काढून पुढच्या टकलात रोवलेली असतात. निघताना हातात छापील कागद पडतो. एसीत झोपा, शॉवरची धार घेऊ नका, उन्हात जाऊ नका. कागद चांगलाच आहे, पण तो शहरातल्या घरासाठी लिहिलेला आहे.

हा तरुण दर्यापूर तालुक्यातला. लग्नाचं बघणं सुरू आहे, नाव सांगू नका म्हणाला. डोकं मात्र जवळून दाखवू दिलं. पंचविशीतच टक्कल पडलं की गावात किती बोलणी खावी लागतात, ते त्याच्याकडून ऐकताना वाईट वाटलं. त्याने सोयाबीनचे पैसे यात घातले आहेत. ते वाया जाऊ नयेत, एवढीच आमचीही इच्छा आहे.

(दृश्य: टाळूचा जवळून घेतलेला भाग. ओळीने बारीक लालसर खपल्या.)

यातली प्रत्येक खपली म्हणजे साधारण मिलिमीटरभराची जखम. आत एक मूळ आहे, त्यातून एक ते चार केस निघतात. मागचे केस पुढे आणून लावले तरी ते आपला मूळ गुण सोडत नाहीत, कायमचे गळत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ साली मांडलं. या साऱ्या शस्त्रक्रियेचा पाया तोच. पण आधी ते मूळ जागेवर धरलं पाहिजे. बर्नस्टीन आणि रासमन या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली ते तपासून पाहिलं. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी मूळ बाहेर येत होतं. पाचव्या दिवसापर्यंत चिकटलेली खपली ओढली की तिच्याबरोबर मूळही जात होतं. पुढे हा धोका कमी होत गेला आणि नवव्या दिवशी संपला. गावातले दहा दिवस सांभाळायचे ते यासाठी.

पहिली रात्र नागपुरातच काढावी आणि पहिलं धुणं दवाखान्यात करून घ्यावं. एसटीच्या सीटवर मान टाकून झोपणं आणि खड्ड्यातले दणके पहिल्याच दिवशी नकोत.

(दृश्य: अंगण. पाटावर बसलेला तरुण, मागे त्याची आई. बादली, प्लास्टिकचा मग, वाटीत शॅम्पूचा फेस.)

घरी आल्यावर धुण्याचं काम आईकडे आलं. ती फेस वाटीतच तयार करते, तळहातावर घेते आणि खपल्यांवर ठेवते. "माय, घासू नोको, फक्त टेकव," तो सांगतो. ती बोटांची टोकं टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते. थोडा वेळ थांबून मगाने पाणी सोडते, तेही डोक्याच्या अगदी जवळून, म्हणजे धार बसत नाही. नंतर टॉवेल फिरवायचा नाही. वाऱ्यावर वाळू द्यायचं. आठव्या-नवव्या दिवशी, डॉक्टरने सांगितल्यावर, तीच बोटं हळूहळू गोल फिरवायची. भिजलेल्या खपल्या आपोआप सुटतात. खाज कितीही सुटली तरी नख लावायचं नाही.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याला फेस येत नाही आणि टाळू कोरडी पडून ताणते. या घराने दहा दिवस प्यायच्या पाण्याची कॅन डोक्यासाठी वापरली. खर्च फार नाही, तेवढा करावाच.

घरातली आणखी एक गोष्ट कुठल्याच कागदावर नसते. जुन्या घराची चौकट बुटकी, गोठ्याचं आढं त्याहून खाली. एकदा टाळू आपटली की रक्त येतं आणि रोवलेली मुळं निखळतात. त्याच्या आईने चौकटीला जुन्या लुगड्याची पट्टी लोंबती बांधली आहे. कपाळाला ती लागली की तो वाकतो. गोठ्यातलं काम सध्या धाकटा भाऊ बघतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ सुजतं, सूज डोळ्यांपर्यंत उतरते. बघणारे घाबरतात, पण चार-पाच दिवसांत ती ओसरते. बाजेवर उशाला गोधडीची वळकटी लावून डोकं आणि पाठ उंच ठेवून झोपायचं. कपाळ बर्फाने शेकायचं असेल तर भुवयांच्या वरपर्यंतच, रोवलेल्या जागेवर बर्फ टेकवायचा नाही.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. विदर्भात हे स्पष्ट बोलायलाच हवं. बिडी-सिगारेट बंद केली, पण खर्रा चालू ठेवला, तर उपयोग नाही. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि नव्या मुळाला पहिल्या दिवसांत रक्त मिळणं हेच तर सगळं आहे. किमान दोन-तीन आठवडे खर्रा तोंडात नको. हळद, एरंडेल, कांद्याचा रस यांपैकी काहीही डोक्यावर लावायचं नाही, सांगणारी व्यक्ती कितीही मायेची असो. तेलाचं डॉक्टरला विचारून, महिनाभरानंतर.

(दृश्य: कपाशीचं शेत. पाठीवर पंप घेतलेला मजूर.)

फवारणीला तर मुळीच जायचं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ताज्या जखमांचं डोकं घेऊन त्या वाऱ्यात उभं राहू नये. डोक्यावर चाऱ्याचा भारा नको, आवळून बांधलेला दुपट्टा नको, हेल्मेटही डॉक्टरने हो म्हटल्यावरच. आमच्या मते हे काम आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत करावं. घाम कमी, ऊन सौम्य. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा शेतकऱ्याला टाळू सांभाळणं जमत नाही.

रक्त थांबत नसेल तर स्वच्छ गॉजने दहा-पंधरा मिनिटं हलका दाब द्या. पू, दुर्गंधी, ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा काळी पडत चाललेली कातडी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरला फोटो पाठवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवा, की रात्री फोन कोण उचलणार. हे काम कार्यशाळा करून किंवा यूट्यूब पाहून शिकायचं नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजावलं आहे. समोरचा माणूस प्रशिक्षित डॉक्टर आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस गळतात. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांच्या हातात अचानक केस येऊ लागले होते, ती भीती इकडे अजून ताजी आहे. त्यामुळे उशीवर केस दिसले की घर हादरतं. हे गळणं वेगळं आहे. केस जातो, मूळ आत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक केस वर येतात, कधी त्याआधी पुटकुळ्या येतात. त्या फोडू नयेत. पूर्ण रूप दिसायला वर्ष लागतं.

आईने विचारलेला एक प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. "आजा थकला हाय. त्याचं काही झालं तं डोकं भादरा लागन, मंग?" पहिला महिना-दीड महिना रोवलेल्या जागेवर वस्तरा चालवू नये. कात्रीने मागचे केस कापून विधी करता येतो, भटजी आणि न्हावी दोघांशी आधी बोलून ठेवावं. मुळं पक्की झाल्यावर, काही महिन्यांनी, डोकं भादरलं तरी केस पुन्हा येतात, कारण वस्तरा मुळापर्यंत पोचत नाही.