कुत्र्याच्या मागे

पान उघडलं की आधी नुसती गर्दी दिसते. अख्खं रेल्वे स्टेशन. कुणी धावतंय, कुणाची पिशवी फाटून संत्री घरंगळलीत, आणि एका कोपऱ्यात मांजराची फक्त शेपटी. पानावर अक्षर मात्र एकही नाही.

जर्मनीत अशा पुस्तकाला ‘व्हिमेलबुख’ म्हणतात. ‘व्हिमेलन’ म्हणजे गजबजणं, मुंग्यांसारखं. म्युनिकचे चित्रकार अली मिटगुच यांनी १९६८मध्ये शहरातल्या रोजच्या जगण्याचं असं पुस्तक केलं. १९६९मध्ये त्याला जर्मनीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि हा प्रकार तिथल्या घराघरांत रुजला.

म्युनिकमधल्याच एका मराठी घरात पुण्याहून आजी आल्यात. त्यांना जर्मन येत नाही. चार वर्षांच्या नातीची शाळा जर्मन. हे पुस्तक मात्र दोघींना सारखंच वाचता येतं.

“मांजर कुठं गेलं गं?”

“तिथे!”

“तिथे म्हणजे कुठं?”

नात थबकते. बोट दाखवून भागत नाही, आता शब्द हवा.

“कुत्राच्या मागे.”

“हो गं, कुत्र्याच्या मागे! आणि कुत्रा कुणाची वाट बघतोय?”

आजींनी चूक काढली नाही. बरोबर रूप सहज तिच्या कानावर घातलं आणि गप्पा पुढे नेल्या. खाली, पलीकडे, दोघांच्या मधे हे शब्द पाठ करून येत नाहीत. ते लागतात तेव्हा येतात, आणि शोधताना ते सारखे लागतात.

आता लाल टोपीवाला शोधायचाय. तिची नजर आधी भिरभिरते. मग लाल छत्रीवर थांबते. नाही. लाल फुगा. तोही नाही. काय शोधतोय ते मनात धरून ठेवायचं आणि नको ते बाजूला सारायचं, हे लहान मुलाला सोपं नसतं. इथे ती ते आपणहून करतेय, कुणीही ‘लक्ष दे’ न म्हणता. म्हणून मोठ्यांनी घाईनं बोट ठेवू नये. टोपीवाला सापडेपर्यंत तिनं फाटकी पिशवी पाहिली, संत्री मोजली, ‘त्या काकूंची गाडी चुकणार’ असंही सांगून टाकलं. मला तर टोपीवाल्यापेक्षा ही वाटच मोलाची वाटते.

चार दिवसांनी तेच पान. आज शोधायची पाळी आजींची. चष्मा पुसून झाला, पान खिडकीपाशी नेऊन झालं. मांजर काही दिसेना.

“अगं आजी, कुत्र्याच्या मागे बघ ना!”