कंट्रोलचं झाड

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे खळ्यात बसून जी चर्चा सुरू होते, त्यात मुंबई निघते, पुणं निघतं, कोल्हापूर निघतं. मधेच कुणी 'दापोली' म्हणालं, तर एखादे काका हमखास विचारतात, "शेतकीच करायची तर कॉलेज कशाला?" आमच्या घरात हा प्रश्न माझ्या बाबांनीच विचारला.

आमचं गाव देवगड तालुक्यातलं. पंचवीसेक हापूसची कलमं, थोडी काजू, पावसात भात. मी अ‍ॅग्रीला जाते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "आंबो कसो लावचो ता शिकूक दापोलेक जातलंस? मगे मी हंय चाळीस वर्सा काय करतंय?"

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. खरं तर ते घराच्या मागच्या बाजूलाच उभं होतं. आमची काजूची कलमं 'वेंगुर्ला चार' जातीची. बाबांनीच ती आणून लावली होती. ही जात दापोलीच्या विद्यापीठाच्या वेंगुर्ल्यातल्या फळ संशोधन केंद्रात तयार झाली, 1981 साली प्रसारित झाली. तिच्या आईबापांपैकी एकाचं नाव 'वेतोरे 56'. वेतोरे हे वेंगुर्ला तालुक्यातलंच गाव. त्याआधीची 'वेंगुर्ला एक' तिथल्याच अणसूर गावच्या झाडांतून निवडलेली. कुणीतरी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांच्या परसातली झाडं पाहिली, बिया मोजल्या, वजनं केली, संकर केले, आणि मग ती कलमं आमच्या बाबांच्या हातात आली. बाबा विद्यापीठाला नावं ठेवत होते ते त्या काजूच्याच सावलीत बसून.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची. दापोलीचं कृषी महाविद्यालय त्याच्याही आधीचं, 1965 चं. महाराष्ट्रात अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि आपली दापोली. चारही सरकारी, आणि चौघांनाही कामं तीन: शिकवणं, संशोधन करणं आणि ते संशोधन बांधापर्यंत नेणं. तिसऱ्या कामाला तिथे 'विस्तार' म्हणतात.

दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या मुरुड गावचे धोंडो केशव कर्वे 1875 साली एका परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. तिथे पोचल्यावर वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आज त्याच मुरुडच्या पोराला सकाळच्या एसटीने विद्यापीठ गाठता येतं. मला मात्र देवगडहून दापोली गाठायला अख्खा दिवस लागायचा.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं विद्यापीठ म्हणजे एक मोठी इमारत, तिला एक गेट. तशी इमारत आहे, गेटही आहे. पण हे विद्यापीठ पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलंय. भात बघायचा तर कर्जत. खाऱ्या जमिनीतला भात बघायचा तर पनवेल. सुपारी श्रीवर्धनला, नारळ रत्नागिरीजवळ भाट्याला, मासे शिरगावला. आणि आंब्याचं एक केंद्र आमच्या देवगड तालुक्यातच, रामेश्वरला. मी दापोलीला जाऊन हे शिकले की आपल्या शेजारच्या गावात संशोधन केंद्र आहे. हसू नका. तुमच्यातल्या किती जणांनी आपल्या तालुक्यातलं केंद्र आतून पाहिलंय?

मोठ्या विद्यापीठाची एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. तिथे तुम्हाला हाक मारणारं कोणी नसतं. शाळेत बाई हजेरी घेतात, चेहरा उतरला तर विचारतात. इथे प्राध्यापकांच्या डोक्यात स्वतःचे प्रयोग चाललेले असतात. कुणाची रोपवाटिका, कुणाचा प्रकल्प, कुणाचा अहवाल पाठवायचा राहिलेला. तुम्ही दार वाजवलंत तर बहुतेक जण आत घेतात. नाही वाजवलंत तर चार वर्षं जातात आणि तुम्ही फक्त परीक्षा देऊन घरी येता. मी पहिली दोन वर्षं नाही वाजवलं. तिसऱ्या वर्षी किडींचा संग्रह करायला लागला, टाचणी टोचून पेटीत लावायचा, आणि मला एका किड्याचं नाव काही केल्या सापडेना. नाइलाजाने एका सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पाच मिनिटं माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुठे मिळाला? कुठल्या झाडावर? पानाच्या वर की खाली?" मला तिन्ही उत्तरं येत नव्हती. मी फक्त किडा पकडला होता.

वसतिगृहाबद्दल फार सांगत नाही. विदर्भातल्या मुलींना दापोलीचा पाऊस म्हणजे शिक्षा वाटायची. साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस, कपाटातल्या चपलांनाही बुरशी. त्यांनी आम्हाला ठेचा खायला शिकवलं, आम्ही त्यांना घावणे. एवढं पुरे.

खरं शिक्षण एम.एस्सी.ला झालं. माझा विषय होता आंब्याची फळगळ. मोहोर भरभरून येतो, पण त्यातलं शेकडा एक फूलही काढणीपर्यंत फळ म्हणून टिकत नाही. प्रश्न साधा होता: फवारणी केल्याने गळ कमी होते का? तीन वेगवेगळ्या फवारण्या ठरल्या, आणि चौथा गट ज्याला औषध काहीच द्यायचं नाही, फक्त पाणी फवारायचं. ह्या चौथ्याला सगळे 'कंट्रोल' म्हणतात. एकेका गटात पाच झाडं, म्हणजे सगळी मिळून 20. पाचच का, तर आकडेशास्त्रात 'एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम' नावाचं एक प्रकरण असतं, ते 12 च्या खाली जाऊ द्यायचं नाही असा आमच्याकडे दंडक. गट चार, त्यातून एक वजा, म्हणजे तीन; झाडं पाच, त्यातून एक वजा, म्हणजे चार; तीन चोक बरोबर 12. कुठल्या झाडाला काय द्यायचं हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. आपण ठरवलं तर आवडती फवारणी नकळत चांगल्या झाडावर जाते. मन असंच असतं. आणि बाग उतारावर असल्यामुळे वरचा टप्पा, खालचा टप्पा असे पाच भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात चारही प्रकार बसवायचे. नाहीतर वरच्या झाडांना वारा जास्त लागतो आणि त्याचं खापर औषधावर फुटतं.

हे मी फोनवर बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "पाणी मारूक शिकवतत? ता काम पाऊस फुकट करता." आणि मग जरा काळजीने, "मगे ती पाच झाडा अशीच वाऱ्यार सोडूची?"

त्यांना ते पाप वाटत होतं. औषध हाताशी असताना झाड तसंच ठेवायचं! मलाही सुरुवातीला वाटलं. पण ती पाच झाडं नसती, तर बाकीची पंधरा काय बोलताहेत ते कळलंच नसतं. बाबा चाळीस वर्षं कलमं सांभाळताहेत. एका वर्षी एक औषध मारलं आणि आंबा चांगला आला, की ते औषध चांगलं. पण त्या वर्षी थंडीच चांगली पडली असेल तर? बाबांच्या बागेत सगळं होतं, फक्त न फवारलेलं झाड नव्हतं.

ह्याच आकाशवाणीवर कृषी कार्यक्रमात तुम्ही ऐकता ना, फळं वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी झाली की 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट फवारा? ऐकताना ते एक वाक्य असतं. त्याच्यामागे निदान तीन हंगामांचे आकडे असावे लागतात, आणि मग ते चारही विद्यापीठांच्या एकत्र बैठकीत, 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को'त मांडावं लागतं. तिथे राहुरी-अकोल्याचे शास्त्रज्ञ हातात कागद घेऊन बसलेले असतात आणि कंट्रोलच्या रकान्यावर बोट ठेवून प्रश्न विचारतात. तिथून निभावलं की त्याला 'शिफारस' म्हणायचं. झाडांच्या नव्या जातींचं ह्याहून लांब. 'रत्ना' आंबा वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूस ह्यांच्या संकरातून झाला, 1981 साली बाहेर आला. त्यात साका होत नाही, म्हणजे गर आतून स्पंजासारखा होऊन खराब होत नाही. हापूसचा साका कापल्याशिवाय कळत नाही आणि कळतो तेव्हा गिऱ्हाईक समोर असतं, हे बागायतदारांना मी काय सांगणार. पण आंब्याचा संकर केला की पहिलं फळ बघायलाच काही वर्षं जातात. पीएचडी संपते, झाडाला मोहोर नसतो.

तर माझी 20 झाडं. सकाळी उजाडलं की बागेत जायचं. प्रत्येक झाडाखाली जमीन झाडून चुन्याचं रिंगण आखलेलं. त्यात रात्री गळलेली फळं वेचायची. गोटीएवढी, दव पडून गार झालेली, देठाशी चीक. दहादहाचे ढीग करायचे, मोजायचे, घमेल्यात टाकायचे, की पुढचं झाड. बोटं चिकाने काळी पडायची आणि पेनाला चिकटायची. माझ्या वहीच्या त्या पानांवर अजून तपकिरी ठसे आहेत.

आणि मग शिमगा आला. आमच्या गावी पालखी घरी येते. ती दारात आणि घरची मुलगी दापोलीत, हे आईला पटेना. मलाही राहवेना. मी तीन दिवस गावी गेले. वहीत तीन रकाने कोरे राहिले. परत आल्यावर आधीचे आकडे बघितले. सात नंबरच्या झाडाचे 41, 38, 44. मी लिहिलं 40, 39, 42. अशा वीस झाडांच्या तीन ओळी, अर्ध्या तासाचं काम. खोटं लिहितेय असंही फारसं वाटलं नाही. असेच तर पडले असते ना?

पंधरा दिवसांनी सरांनी वही मागितली. पानं उलटता उलटता थांबले. काही न बोलता मला बरोबर घेऊन वेधशाळेत गेले. विद्यापीठाच्या आवारात हवामानाच्या रोजच्या नोंदी ठेवतात. त्यांनी रजिस्टर काढलं. शिमग्याच्या दुसऱ्या रात्री वादळी वारा सुटला होता. शेजारच्या प्लॉटमध्ये प्रयोग करणाऱ्या मुलाच्या वहीत त्या सकाळचे आकडे आदल्या दिवसाच्या तिप्पट होते. माझ्या सात नंबरच्या झाडाखाली मात्र 39.

सर म्हणाले, "झाडाला शिमग्याची सुट्टी नव्हती."

मला वाटलं आता प्रयोग रद्द. त्यांनी लाल पेन पुढे केलं. तिन्ही दिवसांच्या आकड्यांवर एकच आडवी रेघ मारायला सांगितली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी सही आणि तारीख. खोडरबर नाही, पान फाडणं नाही. साठ आकडे, साठ रेघा, साठ सह्या. माझं नाव किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं.

तो प्रबंध आता ग्रंथालयात आहे. फळगळीच्या तक्त्यात तीन रकान्यांत आकडा नाही, आडवी रेघ आहे, आणि तळाला बारीक अक्षरात लिहिलंय: निरीक्षण घेतले नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. का घेतलं नाही? मी सांगितलं, घरी पालखी होती. ते हसले आणि पुढचा प्रश्न विचारला.

बाबांना मी ही सगळी हकिगत सांगितली. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या हंगामात गावी गेले तर विहिरीकडच्या दोन कलमांच्या बुंध्यांना चुन्याचा पट्टा ओढलेला. म्हटलं, हे काय? "तां तुझा कंट्रोल," म्हणाले. बाकीच्या कलमांवर नेहमीची फवारणी, ह्या दोघांवर नुसतं पाणी. पाणी मारताना ते आजूबाजूला बघायचे, कुणी शेजारी बघत नाही ना म्हणून. सकाळी मोजणी. आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, आणि संध्याकाळी मला फोनवर सांगायचे. मी माझ्याकडे वहीत उतरून घेते.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी पेन घेऊन बसले होते. म्हटलं, सांगा आकडे.

"काल मोजूक नाय," बाबा म्हणाले. "पावणे इल्ले. थंय रेघ मार."

नमस्कार.